हेड पॅकिंग तिसऱ्यांदा उडालं: भंगारातलं हेड बसवण्याआधी केलेली उलटतपासणी

मे महिन्यात भाजीवाले काका त्यांची ओम्नी दोरीनं ओढत गॅरेजवर घेऊन आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, ह्या वेळी हेडच बदला. रोजची कटकट नको." चौदा महिन्यांत हेड पॅकिंग, म्हणजे वरचं हेड आणि खालचा ब्लॉक ह्यांच्या मधलं गॅस्केट, तिसऱ्यांदा उडालं होतं. पहिल्यांदाचं काम दुसऱ्या गॅरेजात झालेलं, पण दुसऱ्यांदाचं माझ्याच हातचं. त्यामुळे दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायची सोय नव्हती. तेव्हा मीही तेच केलं होतं जे सगळे करतात: हेड उतरवलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन फेस मारून (खालची बाजू मशिननं सपाट करून) आणलं, नवं पॅकिंग टाकलं, पाना लावून आवळलं, पाणी भरलं, चालू. चार महिने बरं चाललं.

गाडी २००९ ची, पेट्रोल आणि एलपीजी दोन्हीवर चालणारी. इंजिन मारुती ८०० च्याच घराण्यातलं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फक्त पुढच्या सीटखाली बसवलेलं. काका आठवड्यातून दोनदा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतात, कणकवलीत माल टाकतात आणि येताना नारळ-कोकमाची पोती भरून तोच घाट चढतात. भरलेली ओम्नी, उन्हाळा, दुसरा गिअर आणि गॅस. हेडला ह्याहून वाईट दिवस येत नाहीत.

आधी एक कबुली. हेड दुरुस्त करणं ही फार अवघड गोष्ट नाही. जुनं हेड मेलं कशानं, हे न बघता नवं बसवणं ही खरी महाग गोष्ट. काकांकडे खर्चाला पैसे बेताचेच होते, म्हणून ह्या वेळी सुटे भाग घेण्याआधी मोजायला वेळ घातला. मोजायला फारसे पैसे लागत नाहीत.

पॅकिंगच गेलंय, हे कशावरून

गाडी गरम झाली की प्रत्येक जण पॅकिंगवर बोट ठेवतो. कधीकधी नुसता पंखाच फिरत नसतो. म्हणून हेडच्या बोल्टला हात लावण्याआधी पुढच्या गोष्टी बघतो.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रॅडिएटरचं टोपण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं आणि इंजिन चालू करायचं. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, भाताला उकळी आल्यासारखे, तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. दुसरं, टोपण लावून चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, इंजिन अजून कोमट असतानाच रॅडिएटरचा वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर तेच. उष्णतेनं दाब इतक्या लवकर चढत नाही.

ऑइल दुधाळ झालं की लोक घाबरतात. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइल भरायच्या टोपणाखाली पांढरा चिकट थर जमतोच, तो नुसता ओलाव्याचा. डिपस्टिक काढा. तिच्यावर चहासारखं ऑइल दिसलं तर मात्र इंजिन चालू करू नका, बेअरिंग जातील.

मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चांगली असताना. तीन सिलिंडरमध्ये एक किलोहून (दर चौरस सेंमीला) जास्त फरक नको. एकाच सिलिंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलेलं असेल तर त्या दोघांच्या मधली पॅकिंगची पट्टी जळली, असं बहुतेक वेळा निघतं. काकांच्या गाडीत दोन आणि तीन नंबरचं पडलं होतं. दोन्ही वेळा. आणि दुसऱ्या वेळी मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता. पॅकिंग पुन्हा त्याच जागी फुटतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं.

जुनं हेड: चीर

हेड उतरवलं. दोन नंबरच्या चेंबरमध्ये, इनलेट आणि एक्झॉस्टचे वॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीटांमधल्या अरुंद पुलावर केसासारखी रेघ. काळ्या काजळीत ती दिसत नाही. डिझेल लावलं, पाच मिनिटं थांबलो, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर ओली रेघ उमटली, सीटपासून प्लगच्या भोकाकडे गेलेली. पूर्वी आम्ही हे रॉकेलनं करायचो. आता रॉकेल मिळवणं हाच एक उद्योग झाल्यामुळे डिझेल. रंगाच्या स्प्रेचे तीन डबे मिळतात, एक साफ करायचा, एक लाल आणि एक पांढरा, त्यानं जास्त स्पष्ट दिसतं. पण वर्षातून चार हेड करणाऱ्याला खडू पुरतो.

अशी चीर आर्गन वेल्डिंगनं भरता येते. नुसती भरून भागत नाही. सीट काढावी लागते, पुन्हा बसवावी लागते, फेस मारावा लागतो. हा सगळा खर्च धरला तर भंगारातलं चांगलं हेड स्वस्त पडतं. आणि एमसीलचं नाव काढणाऱ्याला तर मी चहासुद्धा पाजत नाही.

भंगारात हेड निवडताना

मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनली, ओम्नी २०१९ पर्यंत. त्यामुळे ह्या इंजिनाची हेड भंगारात ढिगानं पडलेली असतात आणि तिथंच फसगत होते. कार्ब्युरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या गाडीचं हेड एकच समजू नका. आपला मॅनिफोल्ड आणि जुनं पॅकिंग बरोबर घेऊन जा आणि भोकावर भोक ठेवून बघा. ऑल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचं, पण १२ वॉल्व्हचं. आपलं सहाचं.

मी पिशवीत स्टील स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती), टॉर्च, खडू आणि बाटलीभर डिझेल घेऊन जातो. भंगारवाला हसतो. हसू द्या. त्या दिवशी चार हेड बघितली, तीन नाकारली.

पहिल्याच्या चेंबरची कड सुरीसारखी धारदार आणि फेसला लागून असलेले ओतकामातले आकडे अर्धे कापलेले. म्हणजे आधीच दोन-तीनदा फेस मारून झालाय. हेडची उंची व्हर्नियरनं चारही कोपऱ्यांत मोजली तर एका टोकाला कमी, म्हणजे तिरकंही मारलंय.

दुसऱ्याच्या फेसवर पॅकिंगच्या लोखंडी कड्यांचा ठसा खोल उमटलेला, नख अडकेल इतका. हे हेड कधीतरी प्रचंड तापलंय. ॲल्युमिनियम जास्त तापलं की मऊ पडतं आणि मग कितीही फेस मारा, बोल्टाचा ताण ते धरत नाही, बसत जातं. असं हेड फुकट मिळालं तरी घेऊ नये. भंगारवाल्याला मी म्हटलं, "मालक, हे तव्यावर भाजलंय." तो म्हणाला, "मग ह्याचा भाव कमी करतो की!"

तिसऱ्याची पाण्याची भोकं कुरतडलेली, पॅकिंग बसायच्या जागेपर्यंत. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं कूलंटशिवाय घातलं की असं होतं.

चौथ्यावर मळ होता, ऑइलचा काळा थर होता, एक वॉल्व्ह वाकलेला होता. फेस मात्र कारखान्यातून आल्यासारखा, ओतकामाचे आकडे पूर्ण. वाकलेला वॉल्व्ह बघून बाकीचे गिऱ्हाईक पुढे जातात. वॉल्व्ह बदलता येतो, मऊ पडलेलं ॲल्युमिनियम बदलता येत नाही. घेतलं. "चिरलेलं निघालं तर परत आणीन," एवढं तोंडी ठरवून.

धुणं, आणि मोजणं

कॉस्टिक सोड्याच्या पिंपात लोखंडी भाग उकळायची आपल्याकडे रीत आहे. ॲल्युमिनियमचं हेड त्यात कधीही टाकू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो, बुडबुडे येतात, हायड्रोजन सुटतो आणि तासाभरात हेडचा सपाट फेस खडबडीत होतो. डिझेल आणि ब्रश, नंतर कपड्याच्या पावडरीचं कडकडीत गरम पाणी, शेवटी हवा. पॅकिंगचे अवशेष काढायला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी घ्यायची. ग्राइंडरला लावायची ती गोल खरखरीत चकती फेस चकाचक करते खरी, पण तिच्यातून सुटलेली अपघर्षक पूड ऑइलच्या वाटांत बसते आणि पुढं महिन्याभरात बेअरिंग खाते. फेसवर खळगेही पडतात.

साफ झाल्यावर स्ट्रेट एज लांबीत दोन्ही कडांना, दोन्ही कर्णांवर आणि आडवी दोन जागी ठेवायची, खाली ०.०५ मिमीची पात सरकता कामा नये. शाळेची स्टीलची पट्टी चालत नाही, ती स्वतःच वाकडी असते. स्ट्रेट एज नसेल तर लेथवाल्याकडे पाच मिनिटं मागा. एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही.

आता एक गोष्ट जी पुष्कळ जण विसरतात, मीही विसरायचो. ह्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडच्या आतच फिरतो. हेड केळ्यासारखं वाकलं की खालचा फेस वाकतो, तशी कॅमची भोकंही वाकतात. खालून फेस मारला तर खालची बाजू सपाट होते, वरची वाकडीच राहते. मग कॅम एका जागी घासत राहतो. म्हणून रॉकर काढून नुसता कॅम ऑइल लावून आत घालायचा आणि दोन बोटांनी फिरवून बघायचा. सगळ्या फेऱ्यात सारखाच हलका फिरला पाहिजे. अडकला तर ते हेड गरम करून सरळ करावं लागतं, आणि ते काम भट्टी असलेल्याचं, गॅरेजातलं नव्हे. आमचा कॅम लोण्यासारखा फिरला.

फेसवर सर्वात जास्त फट ०.०६ मिमीची निघाली. मर्यादेच्या जरा बाहेर. उद्यमनगरात नेलं आणि मशिनवाल्याला बजावलं: कमीत कमी काढ, साफ झालं की थांब. त्यानं ०.१० च्या आत भागवलं. काही जण काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हातानं घासतात. जाड काच असेल, हेड दोन्ही हातांनी आठाच्या आकारात फिरवलं आणि मधूनमधून मोजलं, तर दोन-तीन शतांश मिलिमीटरसाठी ते चालतं. त्याच्या वर नको. हात नेहमी कडांवर जास्त दाबतो आणि हेडच्या कडा उतरतात.

फेस मारल्यानं कंप्रेशन फार वाढेल अशी भीती असते. ह्या इंजिनाचा बोअर ६८.५ मिमी. ०.३ मिमी काढलं तरी एका सिलिंडरमागं चेंबर फार तर १.१ घनसेंमीनं कमी होतं, आणि सिलिंडर आहे २६५ सीसीचा. म्हणजे इतकं चालून जातं. पण आधीच्या कुणी किती काढलंय ते धरून हिशोब करायचा. म्हणून उंची मोजायची.

दाबाची चाचणी मात्र मी बाहेरून करून घेतली आणि काकांनी तिच्यावर केलेला खर्च मला सगळ्यात योग्य वाटतो. पाण्याची भोकं रबर आणि जाड पट्टीनं बंद करायची, आत दोन-तीन किलो हवा सोडायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. पाणी गरमच हवं. थंड हेडात मिटलेली चीर गरम झाल्यावर तोंड उघडते. फेस मारण्याआधी ही चाचणी करावी. आम्ही उलटा क्रम केला, नशिबानं बुडबुडा आला नाही.

वॉल्व्ह आणि गॅसची गंमत

सहाही वॉल्व्ह काढले, कुठला कुठं होता त्याप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचले. वॉल्व्ह सीटपासून पाच-सात मिमी वर उचलून आडवा हलवला की गाइड (वॉल्व्हची काडी सरकते ती नळी) किती सैल आहे ते हाताला कळतं. एक्झॉस्टच्या दोन गाइड सैल होत्या, त्या बदलल्या. गाइड सैल असताना सीट कितीही घासा, वॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो आणि घासलेलं वाया जातं. आधी गाइड, मग सीट, मग लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासणं. हा क्रम उलटा करणारे बरेच.

सीट मशिननं कापून घेतल्यावर बारीक पेस्ट लावून काठीनं हातानं फिरवायचं, मागं-पुढं, मधूनमधून उचलून चौथाई फेरा पुढं. ड्रिलला लावून एकाच दिशेनं फिरवू नका, त्यानं गोल चरे पडतात. राखाडी पट्टी अखंड आणि साधारण सव्वा ते दीड मिमी रुंद आली की पुरे. लॅपिंग जास्त केल्यानं काही चांगलं होत नाही. पेस्टचा कण न् कण धुवायचा. मग वॉल्व्ह बसवून, प्लग लावून हेड उलटं ठेवायचं आणि चेंबरमध्ये डिझेल भरायचं. मी जेवून येईपर्यंत थांबतो. पोर्ट, म्हणजे वॉल्व्हमागच्या वाटा, कोरडे हवेत. तीन नंबरचा एक्झॉस्ट ओला झाला. परत काढला, परत घासला, मग कोरडा राहिला. वॉल्व्ह सील सगळे नवे, त्यात काटकसर नाही.

एलपीजीवाल्यांसाठी इथं थोडं थांबतो. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलमध्ये वॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये जो थोडासा मुलायमपणा राहतो तो ह्यात नसतो. वॉल्व्ह सीटवर आपटत आपटत हळूहळू आत रुततो. रुतला की वॉल्व्हची मागची काडी वर येते आणि टॅपेटची फट (काडी आणि तिला दाबणारा रॉकर ह्यांच्यातली) कमी होत जाते. पुष्कळांना वाटतं टॅपेट झिजली की आवाज येतो. इथं उलट: गाडी दिवसेंदिवस शांत होते, मालक खूश होतो आणि एक दिवस फट शून्यावर येते. मग वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळता वायू त्या फटीतून घुसतो आणि एक्झॉस्ट वॉल्व्हची कड खाऊन टाकतो. सकाळी चालू व्हायला त्रास, आयडलला एक सिलिंडर मिस, गरम झाल्यावर चढावर दम नाही, ही त्याची लक्षणं. काकांच्या जुन्या हेडात एका एक्झॉस्टची फट मोजायला गेलो तर पातच शिरली नाही. गॅसच्या गाडीत टॅपेट पेट्रोलपेक्षा जास्त वेळा तपासायच्या, आणि फट मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वरच्या टोकाला ठेवायची. घाट चढताना शक्य असेल तर पेट्रोलवर टाका.

खरा गुन्हेगार खाली बसला होता

हेड तयार झालं आणि दुपारी ते बसवायला घेतलं. पॅकिंग ब्लॉकवर ठेवणार एवढ्यात वाटलं, हेडला इतकं मोजलं, ब्लॉकला एकदाही नाही. स्ट्रेट एज ब्लॉकवर ठेवली. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये ०.१० ची पात आरामात गेली.

पहिला विचार आला की ब्लॉक बसला. म्हणजे इंजिन उतरवणं, मशिन शॉप, सगळं बजेट बाहेर. पण टॉर्च आडवी धरून बघितल्यावर दिसलं की मधली जागा खाली गेलेली नाही; बाजूच्या बोल्टांच्या भोकांची तोंडं वर आलीत. भोकाभोवती अंगठीसारखी बारीक उंच कड. स्ट्रेट एज त्या कडांवर बसत होती आणि मधे पूल तयार होत होता. हेडही तसंच बसत होतं. दोन्ही वेळा.

कारण भोकांच्या आत होतं. ही भोकं खालून बंद असतात. हेड उचललं की त्यात पाणी आणि ऑइल उतरतं. ते न काढता बोल्ट आवळला की खाली पाणी दाबलं जातं, जायला वाट नाही. पाना घट्ट लागतो, आपल्याला वाटतं हेड आवळलं गेलं. प्रत्यक्षात बोल्ट पाण्यावर अडलेला असतो. मग अजून जोर लावतो आणि आटे वरच्या कडेला धातू उचलतात. नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. मी दुसऱ्या वेळी टॉर्क रेंच वापरला नव्हता, अंदाजानं आवळलं होतं. भोकं फुंकली होती का, हे आता आठवत नाही, यावरून काय ते समजा.

ह्यावरचा इलाज जवळजवळ फुकटाचा आहे. सिलिंडरमध्ये ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा बंद केल्या. भोकापेक्षा मोठी ड्रिल बिट हातात धरून, मशिनला न लावता, प्रत्येक भोकाच्या तोंडाशी दोन-तीन फेरे फिरवली. कडेला अर्ध्या मिलिमीटरचा उतार मिळाला. नंतर ऑइल स्टोन सपाट धरून वर आलेले भाग हलके घासले. परत मोजलं: ०.०४. मर्यादेत.

आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार) विकत घेऊ नका, तो धातू कापतो. एक जुना हेड बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर हॅकसॉनं लांबीत तीन खाचा पाडा, डिझेल लावून हातानं आत-बाहेर फिरवा. मळ खाचांत गोळा होतो. मग हवेच्या बारीक नळीनं प्रत्येक भोक फुंकायचं, डोळ्यावर चष्मा लावून. एका भोकातून अर्धा चमचा गढूळ पाणी उडालं. माझ्या शर्टवर.

बोल्ट सगळे शेजारी उभे करून उंची बघितली. एक दुसऱ्यांपेक्षा लांब निघाला, म्हणजे ताणला गेलेला, तो बदलला. नव्या गाड्यांत अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट असतात, ते एकदा काढले की बहुधा परत वापरायचे नसतात. पॅकिंग कंपनीचं घेतलं. आट्यांना आणि डोक्याखाली एक-एक थेंब ऑइल, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. टॉर्क रेंच मी शेजारच्या गॅरेजातून मागून आणला. लाज वाटायचं कारण नाही.

तापलं कशानं

वर आलेल्या कडांमुळे पॅकिंगवर दाब कमी होता, हे खरं. पण गाडी तापली नसती तर तेवढ्यावरही ते टिकलं असतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीनं फुगतं. फूटभर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की अर्धा मिलिमीटर लांब होतं, खालचा लोखंडी ब्लॉक त्याच्या निम्मा. मधलं पॅकिंग प्रत्येक वेळी घासलं जातं. पाणी उकळलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

रॅडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालेलं. टोपण ०.९ किलोचा दाब धरतं तेव्हा पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब गेला की कोल्हापूरच्या उंचीवर ९८ अंशांतच. सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग हाच होता.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रॅडिएटरकडे सोडणारी झडप, नव्हताच. कुणीतरी काढून टाकलेला. "काढला की गाडी थंड राहते" हा आपल्याकडचा जुना समज. थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये मळ साठतो. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट मिटते, तिथं तो काढला की थोडं पाणी रॅडिएटरला वळसा घालून परत जातं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून उघडतो का ते बघितलं. गॅरेजातल्या पोरानं त्याच पातेल्यात नंतर चहा ठेवला, ते निराळं.

रॅडिएटर तांब्या-पितळेचा होता, म्हणून टाकी उघडून रॉडिंग करून घेतलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केल्या. नळ्यांमधून चुन्यासारखा थर निघाला. आता आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट; बॅटरीचं पाणी महाग वाटतं त्यांनी बोअरच्या पाण्यानं कुरतडलेलं ते तिसरं हेड आठवावं.

डिझेल पिकअप किंवा ट्रॅक्टरवाल्यांसाठी एवढंच: तिथं हेड बहुधा ओतीव लोखंडाचं, वाकतं कमी, चिरतं जास्त. आणि ओल्या लायनरचं (सिलिंडरची सुटी नळी, बाहेरून पाण्यात) इंजिन असेल तर लायनर ब्लॉकच्या वर किती उठलेत आणि सगळे सारखे उठलेत का, हे आधी मोजा. एक लायनर खाली बसलेला असेल तर पॅकिंग तिथंच फुटणार, हेड नवं असलं तरी.

पाणी भरताना हीटरची नळी सैल करून हवा काढली. पहिल्या दिवशी अर्धा तास आयडलला, मग थंड होऊ दिलं, पाणी बघितलं. काकांना सांगितलं, पहिले पंधरा दिवस रोज सकाळी टोपण उघडून पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. ते लिहितात. जुनं चिरलेलं हेड अजून माझ्या दाराशी पडलंय. कुणी हेड नुसतं फेस मारून आणा म्हणालं की त्यावर खडू भुरभुरून दाखवतो. ऑगस्टमध्ये टॅपेट तपासल्या, तीन नंबरच्या एक्झॉस्टची फट थोडी कमी झाली होती. सेट केली. दिवाळीनंतर गाडी परत बोलावली आहे.